दक्षिण अरबी दगडी धूपदान कसं घडवायचं: दगड, अक्षरं आणि पहिला निखारा

प्राचीन येमेनमधल्या सबा, कतबान, हद्रमौत आणि मईन या राज्यांत धूपदान हे देवळातलं आणि घरातलं वापरायचं भांडं होतं. शिलालेखांत त्याचं एक नाव म-क-त-र असं चार व्यंजनांत येतं आणि त्या शब्दाचं मूळ धुराशी जोडलेलं आहे. म्हणून नक्कल करतानाही आधी निखारा सांभाळणारं भांडं घडवायचं, नक्षीचा विचार त्यानंतर. चंद्रकोर सुबक कोरलेली, पण पहिल्याच विस्तवात तडकलेली धूपदानं बघितली की चूक कुठे झाली ते लगेच कळतं: दगड चुकीचा, नाहीतर तो ओला होता, नाहीतर कामाचा क्रम उलटा.

मूळ वस्तूंत दोन घडणी ठळक दिसतात. पहिली चौकोनी ठोकळ्याची: हातात मावेल एवढी, खाली चार आखूड पाय, वर उथळ खोलगा, चारही बाजूंना कोरीव रेघा आणि कित्येकदा प्रत्येक बाजूवर एका सुगंधी द्रव्याचं नाव. दुसरी मनोऱ्यासारखी: खाली वर निमुळता होत जाणारा चौथरा, त्यावर चौकोनी पेटी, पेटीच्या दर्शनी बाजूला आडवी चंद्रकोर आणि तिच्या कुशीत चकती. पहिल्यांदा करणाऱ्याने पहिली घडण घ्यावी. इथली मापं तिचीच आहेत. दुसरीबद्दल पुढे थोडक्यात सांगितलं आहे.

दगड

चुनखडीचा मऊ, बारीक कणांचा दगड सर्वांत बरा. मूळ धूपदानंही बरीचशी चुनखडीत आहेत, काही वालुकाश्मात, काही अलाबास्टरमध्ये. घोटाळा होतो तो या अलाबास्टरपाशी. एकाच नावाखाली दोन वेगळे दगड विकले जातात. येमेनमधल्या जुन्या मूर्ती आणि भांडी ज्यात आहेत ते कॅल्साइट अलाबास्टर, म्हणजे रसायनाने चुनखडीचंच भावंड. शिल्पकामासाठी सहज मिळणारं पांढरं, लोण्यासारखं कापलं जाणारं अलाबास्टर मात्र बहुतेक वेळा जिप्सम असतं. जिप्समच्या स्फटिकात पाणी बांधलेलं असतं. शंभर अंश सेल्सिअसच्या पुढे तापलं की ते पाणी सुटू लागतं आणि दगडाचं हळूहळू प्लास्टर होतं. दोन-चार वेळा निखारा ठेवला की खोलग्याचा तळ पिठासारखा हाताला लागतो.

ओळखायला दोन कसोट्या पुरतात. कोपऱ्यावर नखाने जोरात ओरखडा काढा. जिप्समवर रेघ उमटते, कॅल्साइटवर उमटत नाही. मग ताज्या ओरखड्यावर व्हिनेगरचा थेंब टाका आणि भिंगातून बघा. कॅल्साइटवर बारीक बुडबुडे येतात, जिप्समवर काही होत नाही. फेसाळ बुडबुडे आणि नखाला दाद न देणं, दोन्ही जमलं तरच दगड घ्या.

त्यानंतर ठोकळा हातावर तोलून लाकडी मोगरीने हलकेच वाजवा. आवाज खणखणीत आला तर आत चीर नाही. बद्द आवाज आला तर तो दगड बाजूला ठेवा, कितीही देखणा असला तरी. पाण्याने ओला करून सुकताना बघणं हीसुद्धा चांगली युक्ती आहे: सगळा पृष्ठभाग वाळला तरी चिरेची रेघ काळपट ओली राहते. दगडात थर दिसत असतील तर ते आडवे राहतील असा ठोकळा धरा. थर उभे ठेवले तर खोलग्याच्या भिंती पापुद्र्यासारख्या सुटतात. अर्थात आडव्या थरात पाय मोडायची भीती असतेच, त्यामुळे थर न दिसणारा दगड मिळाला तर प्रश्नच मिटला.

माप: कच्चा ठोकळा ११ × ११ × ११ सेंमी, तयार धूपदान १० × १० × १० सेंमी. चुनखडीचा असा कच्चा ठोकळा साधारण सव्वातीन किलो भरतो आणि काम संपल्यावर पावणेदोन किलोच्या आसपास उरतो. मूळ धूपदानं याहून लहानही असतात, पण दहा सेंमीपेक्षा खाली गेलात तर भिंती पातळ होतात आणि नवख्या हाताला चूक झाकायला जागा उरत नाही.

हत्यारं

टोकदार टाकी, ६ आणि १२ मिमीची सपाट छिन्नी, अक्षरांसाठी ४ मिमीची छिन्नी, अर्धा किलोची मोगरी, दगडी करवत, एक सपाट आणि एक गोल कानस, गुण्या, कर्कटक, ८ मिमीचा दगडी ड्रिल बिट, आणि ८०, १२०, २२० नंबरचा पॉलिश पेपर. वाळू भरलेली जाड कापडी पिशवी विसरू नका. ठोकळा लाकडी टेबलावर थेट ठेवून ठोकला की प्रत्येक घावाचा धक्का उलटा दगडात येतो. वाळूची पिशवी तो धक्का खाऊन टाकते.

धुळीचा मास्क सुरुवातीपासून लावा. वालुकाश्म घेतला असेल तर त्यातली सिलिकाची धूळ फुप्फुसात कायमची बसते, म्हणून तो फक्त ओला घासायचा.

क्रम: खोलगा आधी, पाय शेवटी

पाय आधी कोरले की खोलग्यासाठी वरून मारलेला प्रत्येक घाव त्या चार खुंटांवर येतो आणि एक तरी पाय मुळातून उडतो. त्यामुळे ठोकळा भरीव असेपर्यंत ठोकायचं सगळं काम उरकून घ्यायचं: चौरस करणं, खोलगा, अक्षरं. पाय त्यानंतर, आणि तेही छिन्नीने नाही, करवतीने.

चौरस करताना एक बाजू आधी पूर्ण सपाट करा आणि बाकी पाचही बाजूंची मापं तिच्यावरूनच घ्या. प्रत्येक बाजूचं माप शेजारच्या बाजूवरून घेत गेलं तर अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरची चूक साचते आणि शेवटची बाजू तिरकी निघते.

खोलग्यासाठी वरच्या बाजूवर कडेपासून दीड सेंमी आत चौकट आखा, म्हणजे तोंड ७ × ७ सेंमी होईल. खोली ३ सेंमी. भिंती किंचित उतरत्या ठेवा, तळ ६ × ६ सेंमी भरेल एवढ्या. ड्रिल बिटवर २८ मिमीच्या खुणेला चिकटपट्टी गुंडाळा आणि चौकटीच्या आत जवळजवळ भोकं पाडत जा. ड्रिलची हातोडी-गती बंद ठेवा, नुसतं फिरणं पुरे. हातोडीच्या कंपनाने कोपऱ्यापासून चीर निघते. मग भोकांमधल्या पडद्या टाकीने पाडा. घाव कायम कडेकडून मध्याकडे. टाकी बाहेरच्या भिंतीकडे रोखली की दीड सेंमीची भिंत तुकड्यासकट निघून येते. उरलेले दोन मिलिमीटर सपाट छिन्नीने आणि कानसेने काढा. आतले कोपरे काटकोनात धारदार ठेवू नका, ३ मिमी गोलाई द्या. तापलेला दगड ताणतो तेव्हा तो ताण धारदार कोपऱ्यातच गोळा होतो.

चार बाजू, चार नावं

मूळ धूपदानांवर र-न-द, ड-र-व, क-म-क-म आणि क-स-त ही नावं पुन्हा पुन्हा भेटतात. ड-र-व म्हणजे पिस्ताच्या कुळातल्या झाडाची राळ. क-स-त म्हणजे संस्कृतातलं कुष्ठ, हिमालयातल्या एका वनस्पतीचं सुगंधी मूळ. नाव आणि माल दोन्ही समुद्र ओलांडून तिथवर पोचले होते. एका तळहाताएवढ्या दगडावर एवढा मोठा व्यापार कोरलेला आहे, म्हणून ही अक्षरं घाईत उरकू नयेत असं आम्हाला मनापासून वाटतं.

लिपी मुसनद. तिची २९ अक्षरं सगळी व्यंजनं आहेत, स्वर लिहीत नाहीत, आणि ओळ साधारणतः उजवीकडून डावीकडे जाते. युनिकोडमध्ये ती २००९ साली आली, तेव्हा फाँट उतरवून मोठ्या आकारात छापून घेता येते. मात्र काही प्रोग्राम उजवीकडून डावीकडची ओळ उलटी मांडतात. छापलेल्या शब्दाचं पहिलं अक्षर उजव्या टोकाला आहे का, हे फाँटच्या तक्त्याशी ताडून बघा. कार्बन पेपर पालथा लावल्यामुळे आरशातली अक्षरं कोरली जाणं, ही तर नेहमीची चूक.

देवनागरीत आपण क-म-क-म आणि क-स-त दोन्हीकडे ‘क’ लिहितो, पण मुसनदमध्ये ती दोन वेगळी अक्षरं आहेत. क-स-त मधलं अक्षर म्हणजे वर्तुळ आणि त्याच्या आरपार, वरखाली बाहेर निघालेली उभी रेघ. ड-र-व मधला ‘व’ही वर्तुळ आणि उभी रेघच, पण ती रेघ वर्तुळाच्या आतच थांबते. छिन्नी दोन मिलिमीटर घसरली तर ‘व’ चा ‘क’ होतो आणि शब्द बिघडतो. म्हणून ‘व’ कोरताना रेघ वर्तुळाच्या काठापासून सुरू करून मध्याकडे आणा, मग दुसऱ्या काठापासून पुन्हा मध्याकडे. मध्यातून बाहेर कधीच नाही.

अक्षरांची उंची १५ मिमी, रुंदी १२ मिमी, दोन अक्षरांत ८ मिमी. चौकट कडेपासून १ सेंमी आत धरली तर ८ सेंमी जागा मिळते. चार अक्षरांचा क-म-क-म ७२ मिमी घेतो आणि जेमतेम बसतो. म्हणून आधी तोच आखा आणि त्याच मापात बाकीचे तीन शब्द मधोमध बसवा. उलट केलंत तर शेवटच्या बाजूला अक्षरं दाटीवाटीने कोंबावी लागतात. आणखी एक: खालचे अडीच सेंमी पायांत जाणार आहेत. शब्द आणि नक्षी वरच्या साडेसात सेंमीतच राहिली पाहिजे. पायांची रेघ पेन्सिलीने आधीच चारी बाजूंना मारून ठेवा.

खाच व्ही आकाराची, खोली दीड ते दोन मिमी. आधी मधल्या रेघेवर छिन्नी उभी धरून हलका घाव, मग दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत तिरके काप. वर्तुळ एका दमात वळवायला जाऊ नका. ४ मिमीच्या छिन्नीने छोटे छोटे सरळ घाव घ्या आणि हाताऐवजी ठोकळा फिरवत राहा. जुन्या कोरीव लेखांत अक्षरांची टोकं साधी असतात, नंतरच्या काळात ती रुंदावत जातात. एकाच धूपदानावर दोन्ही वळणं मिसळू नका. शब्दाखाली तिरप्या रेघांची जाळी किंवा त्रिकोणांची ओळ पुरे.

पाय

ठोकळा उलटा करून खोलग्यात दुमडलेलं कापड घाला, म्हणजे कडा दबणार नाहीत. तळावर चार कोपऱ्यांत २.५ × २.५ सेंमीचे चौरस आखा. मधला अधिकचिन्हासारखा भाग २.५ सेंमी खोल काढायचा आहे. करवतीने ५ ते ६ मिमी अंतराने समांतर काप घ्या, मधल्या पट्ट्या बोटाने किंवा छिन्नीच्या हलक्या टोकणीने मोडा, उरलेलं कानसेने सपाट करा. पायाची उंची त्याच्या जाडीपेक्षा जास्त नको. पाय जिथे अंगाला मिळतो तिथेही गोल कानसेने ३ मिमी गोलाई द्या.

शेवटी पायांची समपातळी. सपाट काचेवर ८० नंबरचा पेपर ठेवा, पायांच्या तळांना कोळशाची पूड फासा आणि धूपदान इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवा. ज्या पायाची काळी पूड आधी पुसली जाते तो उंच. चारही एकदम पुसले गेले की थांबा. हे पाय शोभेचे नाहीत. खालून हवा खेळते, निखाऱ्याची धग जमिनीपर्यंत पोचत नाही आणि साडेचार सेंमी जाड तळ सावकाश तापतो.

मनोऱ्याची घडण करायची असेल तर

चौथरा आणि पेटी एकाच दगडात ठेवा. वेगळी करून चिकटवली तर सांधा उष्णतेने सुटतो. एकूण उंची २० सेंमी धरलीत तर चौथरा ११ आणि पेटी ९ सेंमी दिसायला तोलदार वाटते. इथेही खोलगा सगळ्यांत आधी. चौथऱ्यावर एकात एक बसवलेल्या खोल चौकटी कोरतात, बंद खिडक्यांसारख्या. मूळ धूपदानांवर त्या इमारतीची दर्शनी भिंत सुचवतात. पेटीखाली दातऱ्यांची ओळ चालते.

चंद्रकोरीची आखणी कर्कटकाने अशी: २० मिमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. त्याच्या केंद्रापासून ८ मिमी वर दुसरं केंद्र घेऊन १८ मिमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. पहिल्यात आहे पण दुसऱ्यात नाही तो भाग म्हणजे कोर, तळाशी १० मिमी जाड, टोकं वर. पहिल्या केंद्राच्या २ मिमी वर केंद्र धरून ६ मिमी त्रिज्येची चकती काढा. भोवतालची जमीन ३ मिमी खाली घेऊन दोन्ही उठावात ठेवा. कोरीची टोकं सुईसारखी काढलीत तर दगड भुरभुरतो. २ मिमीवर बोथट करा. कोर आडवीच हवी. आपल्या डोळ्याला कलती कोर सवयीची असते आणि हात नकळत तिकडे वळतो.

वाळवणं आणि पहिला विस्तव

ओलं घासलेला दगड बाहेरून दोन दिवसांत कोरडा दिसतो, आतून नसतो. अडकलेल्या पाण्याची वाफ झाली की तळाचा पापुद्रा उडतो. दोन आठवडे वाऱ्यावर ठेवा, मग थंड ओव्हनमध्ये ठेवून ६० अंशांवर चार तास, ११० अंशांवर दोन तास, आणि ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्या. कॅल्साइटचे स्फटिक तापले की एका दिशेने फुगतात आणि आडव्या दिशेने आक्रसतात, त्यामुळे घाईने तापवल्यास कणाकणांतली पकड सुटते आणि दगड साखरेसारखा रवाळ होतो.

तेल, मेण, व्हार्निश काहीही लावू नका. गरम झालं की तेच आधी जळतं आणि सुगंधात मिसळतं. तुटलेला पाय इपॉक्सीने जोडला तर चालतो. खोलग्यात इपॉक्सी नको, धगीने ते मऊ पडतं.

खोलग्यात १ ते दीड सेंमी कोरडी बारीक वाळू किंवा चाळलेली राख पसरा. निखारा दगडाला थेट टेकता कामा नये, यासाठीच खोली ३ सेंमी ठेवली. ४० मिमीची कोळशाची टिकली या खोलग्यात सगळीकडून हवा राखून बसते. चिमट्यात धरून पेटवा आणि ठिणग्या थांबून वर राखाडी साय धरेपर्यंत वाट बघा. पहिल्या वेळी अर्धीच टिकली वापरा.

राळेचं नाव विकत घेताना नीट विचारा. लोबान हा शब्द दोन वेगळ्या द्रव्यांना लागतो: बॉस्वेलियाच्या झाडाची राळ आणि स्टायरॅक्सच्या झाडाची राळ. दक्षिण अरबस्तानाचा धूप म्हणजे बॉस्वेलिया साक्रा, हद्रमौत आणि ओमानमधल्या धोफारच्या कोरड्या डोंगरांतला. रोमन लेखक प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवलं आहे की हा धूप हद्रमौतच्या राजधानीत, शबवा शहरात, एकाच दरवाजाने आणला जाई आणि देवाचा दहावा हिस्सा पुजारी वजनाने नाही, मापाने घेत. धूपदानालाही मापच लागू: वाटाण्याएवढे दोन किंवा तीन दाणे, त्याहून जास्त नको. निखाऱ्यावर चिमूटभर राख भुरभुरवून दाणे तिच्यावर ठेवा. उघड्या निखाऱ्यावर राळ वितळायच्या आत जळते, धूर काळसर निघतो आणि वास करपट येतो. बोळ (हिराबोळ, ही दुसरी सुगंधी राळ) मिसळायचा असेल तर धुपाच्या चौथ्या हिश्शाइतकाच. त्यात डिंकाचा भाग भरपूर असतो, तो वितळत नाही, कोळपतो.

खिडकी उघडी ठेवा, निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. गरम खोलग्यात पाणी ओतून विझवू नका, तडा तिथेच जाईल. गार झाल्यावर काळी खरवड लाकडी पट्टीने काढा आणि दर सात-आठ वापरांनंतर वाळू बदला.

हे सगळं फक्त नव्या दगडासाठी. जुन्या धूपदानात विस्तव कधीच ठेवायचा नाही आणि त्याचा खोलगा घासायचाही नाही. त्या काळ्या थरात तिथे काय जाळलं होतं त्याचा पुरावा असतो. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०१८ साली येमेनमधल्या धोक्यातल्या वस्तूंची लाल यादी काढली आहे, त्यामुळे मूळ कागदपत्रांशिवाय विकायला आलेली वस्तू घेऊ नये. तुमची नक्कलही पुढे कुणी जुनी म्हणून विकू शकतो. म्हणून पाय कोरून झाले की ठोकळा उलटा असतानाच, चार पायांच्या मधल्या सपाटीवर तुमची खूण आणि घडवल्याचं साल दोन मिमी खोल कोरा, म्हणजे घासूनही सहज जाणार नाही.